डावा गाल

कपात चमचा फिरला आणि टेबलाभोवती साचलेली शांतता मोडली.

बाबा चहा ढवळत होते. त्यांच्या चहातली साखर आईंनी दोन वर्षांपूर्वीच बंद केली होती, पण ढवळायची सवय तेवढी मागे राहिली होती. बिनसाखरेचा चहासुद्धा ते पूर्वीइतकाच मन लावून ढवळत, चमचा कपाच्या कडेवर दोनदा टिचकावत आणि मगच घोट घेत. एरवी त्या टिचकीला कुणीतरी हसायचं. आज कुणी हसलं नाही. सगळ्यांचे डोळे ताईंच्या हाताकडे लागले होते.

ताईंनी हातातला फोटो आणखी क्षणभर पाहिला आणि खेळातलं पान ठेवावं तसा टेबलावर पालथा ठेवला.

"हा नको," त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "बाकीचे निवडा तुम्ही. मी गच्चीवर जाऊन येते."

त्या गेल्या. जिन्यावरची त्यांची पावलं पार वरपर्यंत ऐकू आली.

टेबलावर सदतीस फोटो मांडले होते, तळहाताएवढे, सहा-सहाच्या ओळीत आणि एक उरलेला. पुढच्या रविवारी आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. दिवाणखान्यात पंचविसाव्या वर्षाची तसबीर होती, सगळे ओळीने उभे, सगळ्यांचे हात शिस्तीत बाजूला. ती उतरवून तिथे नवीन लावायची असं ठरलं होतं, आणि या वेळी रांगेचा फोटो नको, घरातले साधे नऊ फोटो एका चौकटीत बसवायचे, हा आईंचा हट्ट. फोटो घरातल्या धाकट्या सुनेने, धाकटीने, काढलेले. चौकटीत प्रत्येकजण एकदा तरी दिसला पाहिजे, एवढी एकच अट. ताईंचे दोघे भाऊ सकाळीच भिंतीचं माप घेऊन फ्रेमवाल्याकडे गेले होते आणि अजून परतले नव्हते. चार पट्ट्यांना काच लावायला दोन कर्त्या पुरुषांचा अख्खा दिवस कसा जातो, यावर वहिनींनी दुपारभर तोंडसुख घेतलं होतं.

आता वहिनींनी धाकटीला डोळ्यांनीच खुणावलं, आणि कप उचलायच्या निमित्ताने दोघी स्वयंपाकघरात आल्या.

"अगं, तुला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"काय?"

"ताईंचा त्या बाजूने फोटो काढायचा नसतो."

"नाही, वहिनी. कुणीच नाही."

वहिनींनी नळ मोठा सोडला. त्यांचं औषधांचं दुकान होतं. गोळ्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात तसं त्यांचं बोलणं नीट, मोजकं, न सांडणारं असे. "तेही खरंच. सांगायची गोष्ट आहे का ती? मला तरी कुणी सांगितलं होतं? नवी होते तेव्हा मी जेवायला भिंतीकडच्या खुर्चीवर बसले, तर आईंनी मला हळूच उठवून पलीकडे बसवलं. तेवढ्यावरून समजले मी. तू या घरात सहा वर्षं आहेस आणि ती खुर्ची तुला दिसली नाही?"

दिसली होती, पण परवा. फोटो छापून आले तेव्हा धाकटीने ते जमिनीवर पसरले, आणि अचानक तिच्या लक्षात आलं की ताई ज्या ज्या फोटोत आहेत तिथे त्यांचा उजवाच गाल आहे. जेवताना भिंत डावीकडे. सोफ्यावर डावीकडचं टोक. धाकटीच्या लेकीला, भिंगरीला गोष्ट सांगतानासुद्धा मान तशीच, जणू डाव्या बाजूला कुणी हाक मारतंय आणि त्या तिकडे लक्ष देऊन आहेत. आणि या सगळ्यांत एकच फोटो निराळा. मोरीपाशी भिंगरी आणि ताई साबणाचे हात धूत होत्या. धाकटी मागच्या दारात उभी होती, म्हणजे ताईंच्या डावीकडे, आणि ताईंना ते ठाऊक नव्हतं. कानापासून जबड्यापर्यंत पसरलेली ती जांभळट लाल जन्मखूण त्या फोटोत पूर्ण होती. ताई हसून नुकत्या थांबल्या होत्या. बाबांकडे फोटो काढायला शिकू लागल्यापासूनच्या आठ महिन्यांत आपण काढलेला हा सर्वांत चांगला फोटो, असं धाकटीला वाटलं होतं, आणि त्या आनंदात तिने तो सरळ ओळीत मांडून टाकला होता.

"बाबांनी पाहिला?" तिने विचारलं.

"त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. भिंग घेतल्याशिवाय त्यांना काय दिसतंय?" वहिनी म्हणाल्या. "जा, वर जा. मी गेले तर त्यांना वाटेल घराने शिष्टमंडळ पाठवलं."

गच्चीवर चादरी वाळत होत्या. ताई दोन चादरींच्या मधल्या बोळात उभ्या होत्या आणि दोरीवरचे चिमटे काढून परत तिथेच लावत होत्या. चाळिशी उलटलेली, दोन गावांत दातांचे दवाखाने चालवणारी बाई, आणि चिमट्यांशी चाळा करत होती.

"रागावलात?"

"हो." एक चिमटा निघाला, परत लागला. "फोटोवर नाही. फोटो चांगला आहे, तोच तर वैताग आहे. वाईट असता तर फाडला असता आणि सुटले असते."

"मी विचारायला हवं होतं."

"हवं होतं," ताई म्हणाल्या. असू दे, चालायचंच, असलं काहीही पुढे आलं नाही. धाकटीला ते बरंच वाटलं.

"माझ्या लक्षात आलं नव्हतं, ताई. खरंच. फोटो पसरले तेव्हा दिसलं."

"आठ महिने लागले? माझ्या पेशंट पोरांना दोन मिनिटं लागतात. मी मास्क काढला की विचारतात, डॉक्टर, तुम्ही पडलात का? मी म्हणते, हो रे, आईच्या पोटातच पडले. मग ती हसतात आणि मुकाट्याने आ करतात." ताईही जराशा हसल्या. "तिथे चालतं सगळं. रस्त्यावर चालतं. फक्त या घराचा उंबरा ओलांडला की मान आपोआप वळते. जुना स्क्रू आहे, घट्ट बसलाय."

"बाबांनी वळवलेली?"

ताईंनी चादर बाजूला सारून तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुला ते फोटो शिकवतात ना? मग पेन्सिल दाखवली असेल."

दाखवली होती. बाबांचा स्टुडिओ बंद होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचं उतरतं टेबल, खालून दिवा असलेलं, माडीवरच्या खोलीत तसंच होतं. निगेटिव्हवर सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके द्यायचे, की छापताना तिथला काळा डाग उजळ होतो. देवीचे व्रण, मुरुमं, डोळ्यांखालची वर्तुळं. गावातली निम्मी लग्नं माझ्या पेन्सिलीने जुळवलीत, असं ते म्हणत.

"मला बारावीनंतर प्रवेशपरीक्षा होती," ताई म्हणाल्या. "ओळखपत्रावरचा फोटो बाबांनीच काढला. काढला, आणि त्यावर दोन दिवस बसले. इतका सुरेख केला की बघत राहावं. परीक्षेला गेले तर दारातल्या बाईंनी फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाल्या, फोटोतल्या मुलीला पाठव. मी म्हटलं, मीच ती. त्या म्हणाल्या, बहिणीच्या जागी पेपर द्यायला आलीस का? मग मोठे साहेब आले, मग आणखी कुणी. मी बाहेर बाकावर. आत पेपर सुरू झालेला, पानं उलटल्याचा आवाज येत होता."

"मग?"

"मग शाळेत फोन झाला, सही जुळवून पाहिली, आत सोडलं. चाळीस मिनिटं गेली होती."

"घरी सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? घरी आले तर तोच फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावलेला. बाबा दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते." ताईंनी चिमटा शेवटचा लावला. "अकरा वर्षं होता तो काचेत. मी तेवढी वर्षं पलीकडच्या फुटपाथवरून गेले. बाबांना यातलं काही बोलू नकोस. आता त्यांचं वय झालं."

धाकटीने मान हलवली. खाली जाताना तिला बाबांचे सुरुवातीचे धडे आठवत होते. पहिले दोन महिने त्यांनी तिला कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता. एका खोलीत पंधरा मिनिटं बस आणि उजेड कुठून कुठे सरकला ते मला येऊन सांग. बोट शिवशिवतंय तोवर दाबायचं नाही. मुलाचा फोटो मुलाच्या उंचीवरून. हसा म्हणायचं नाही कुणाला, हसून झाल्यावर जो चेहरा येतो त्याची वाट बघायची. भिंगरीचे अकरा हजार फोटो फोनमध्ये भरून ती त्यांच्यापाशी गेली होती, आणि त्यांनी एकच विचारलं होतं, यातला न बघता आठवणारा कोणता? पुष्कळ विचार करून तिने सांगितलं होतं, उलटसुलट बूट घातलेला, हललेला. तर मग तिथून सुरू करू, ते म्हणाले होते. माणसाला इतकं धीराने बघायला शिकवणारा हाच माणूस, आणि घरातली एक मान अशी कायमची वळवून ठेवणाराही हाच.

खाली आली तर जे व्हायचं ते झालेलं होतं. बाबांनी पालथा फोटो सुलटा केला होता आणि त्यावर भिंग धरलं होतं. भिंगरी खुर्चीवर गुडघे टेकून त्यांच्या खांद्यावरून वाकली होती. समोर आई हाताची घडी घालून बसल्या होत्या. वहिनी पुसलेला कप पुन्हा पुसत होत्या.

"पालथा ठेवलेला फोटो म्हणजे मला बोलावणंच," बाबा म्हणाले. "ये. बस. खालून काढलास, पोरीच्या डोळ्यांच्या रेषेत. चांगलं केलंस. मागचा टॉवेल सरकवला असतास तर आणखी बरं. हसू ओसरताना पकडलंयस. शिकलीस तू."

"आजोबा, हा आत्याचा नकाशा," भिंगरीने गालावरच्या खुणेवर बोट ठेवलं.

"हं." भिंग गालावर थांबलं, बराच वेळ. "उजेड जरा थेट पडलाय इथे. तिचा ओळखपत्राचा फोटो तू पाहिला नाहीस. नखाएवढा चेहरा, त्यात पेन्सिल टेकवायची म्हणजे श्वास धरून. दोन दिवस. माझ्या हातून तसा परत झाला नाही."

"तो फोटो बघून मला परीक्षेला आत घेतलं नव्हतं, बाबा."

ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते कुणाला कळलं नव्हतं. सांगू नकोस म्हणणाऱ्या त्याच, आणि सांगून मोकळ्या झाल्या त्याही त्याच.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे?"

"म्हणजे ती मी नव्हेच असं वाटलं त्यांना."

त्यांनी सगळं सांगितलं. गच्चीवर सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. शेवटी बाबांनी विचारलं, "किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"पेपर?"

"तीन तासांचा."

"आणि मला बोलली नाहीस."

"तुम्ही तो इतक्या मायेने केला होता. रागाने केला असतात तर भांडले असते."

"मला माहीत होतं," आई म्हणाल्या.

आता सगळ्यांनी आईंकडे पाहिलं. त्यांनी हाताची घडी सोडली नव्हती. "दुसऱ्या पेपराला मी सोबत गेले होते ना, तेव्हा दारातल्या शिपायाने ओळखलं हिला. म्हणाला, कालची भांडणवाली मुलगी. मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. तुला विचारलं नाही, यांनाही सांगितलं नाही. वाटलं, दोघांतल्या एकाला तरी दुखायला नको." त्यांनी घडी सोडली. "सव्वीस वर्षं झाली. चुकलंच ते."

"आई, तू खुर्ची मात्र बरोबर राखून ठेवलीस हं माझी," ताई म्हणाल्या, आणि आईंना हसू आलं की रडू ते धाकटीला तिच्या जागेवरून दिसलं नाही.

बाबा टेबलाची कड अंगठ्याने घासत होते. "लोकांनी तुला बघून काही बोलू नये, एवढंच होतं माझ्या मनात. रस्त्यात मी काय करणार? फोटोत तरी माझ्या हातात होतं."

"कळतं मला."

"मग कधी विचारलं का नाहीस, असं का करता म्हणून?"

"विचारलं होतं. सहावीत. तुम्ही म्हणालात, फोटो छान यावा म्हणून." ताई खुर्ची ओढून बसल्या. भिंतीकडची नव्हे, जी हाताला लागली ती. "त्यापुढे काय विचारायचं असतं?"

बाबा पुष्कळ बोलणारे गृहस्थ होते, स्टुडिओत बसल्या जागी रडक्या पोरांना हसवणारे. पण आता त्यांनी भिंग उचललं आणि ते रुमालाने पुसत राहिले.

शेवटी वहिनींनी कप जागेवर ठेवला. आठवडाभर त्या धाकटीच्या फोटोंविरुद्ध होत्या. बाहेरचा फोटोग्राफर बोलवा, सगळ्यांना एका रंगाचे कपडे घाला, चेहरे हल्ली कॉम्प्युटरवर साफ करून मिळतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी मोरीपाशी काढलेला तो फोटो उचलला, पाहिला, आणि ताईंच्या पुढ्यात ठेवला.

"फोटो चांगला आहे. पण त्यांनी नको म्हटलंय, म्हणजे चौकटीत जाणार नाही. कुणी त्यांची समजूत घालत बसायचं नाही. बाबांनीही नाही, तूही नाही."

"मी कुठे घालतेय," धाकटी म्हणाली.

"तोंडावर दिसतंय तुझ्या."

ताईंनी फोटो उचलून पर्समध्ये टाकला. "हा माझा. चोरीचा माल परत मिळाला." मग धाकटीला म्हणाल्या, "दुसरा काढ. मी बसते. पण दाबताना सांगायचं."

खिडकीपाशी कुणाला काही सांगावं लागलं नाही. बाबा उठलेच. डोळा व्हायचा असो की नसो, उजेड त्यांना कातडीला कळत असावा. त्यांनी खुर्ची खिडकीपासून हातभर मागे घेतली, अर्धा पडदा ओढला, आईंची पांढऱ्या अभ्र्याची उशी टेकवून दुसऱ्या बाजूला उजेड पोचवला. धाकटी कॅमेरा घेऊन खाली बसली. ताई बसल्या, आणि बाबांची दोन बोटं आपसूक त्यांच्या हनुवटीखाली गेली.

तिथे ती थांबली.

खोलीत सगळ्यांना ते दिसलं. पन्नास वर्षं ही दोन बोटं गावभरच्या हनुवट्या वळवत आली होती, या हनुवटीला तर ती जन्मापासून ओळखत होती. बाबांनी बोटं काढून घेतली नाहीत आणि वळवलीही नाहीत. वाट चुकलेल्या माणसासारखे ते तसेच उभे राहिले.

"कुठे बघू, बाबा?" ताईंनी विचारलं.

"तूच ठरव," ते म्हणाले. "मला काही कळत नाही."

ताईंनी समोर बघायचा प्रयत्न केला. मान जुन्या बाजूला गेली. त्यांनी परत आणली, ती परत गेली. "ऐकत नाही बघ ही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. धाकटी थांबली. बोट शिवशिवत होतं. हसू ओसरलं. ताईंनी वर बाबांकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे नाही, आणि बाबांनी भिंगाशिवाय, एका धड डोळ्याने, वाकून त्यांच्या डाव्या गालाकडे पाहिलं.

"दाबते," धाकटी म्हणाली.

"दाब," ताई म्हणाल्या.

तिने पाच काढले. नंतर आई बाबांसाठी पाणी आणायला गेल्या, ताई आणि वहिनी पडदा कुणी किती ओढायचा यावर बोलत राहिल्या, आणि धाकटी कोपऱ्यात बसून मागच्या छोट्या पडद्यावर फोटो बघू लागली. एकात ताईंचे डोळे मिटलेले. एकात बाबांचं तोंड वेडंवाकडं, रडू आवरणाऱ्या माणसाचं. तिच्या अंगठ्याने सवयीने कचऱ्याच्या डब्याचं चित्र शोधलं. एक गेला. दुसरा गेला.

भिंगरी तिच्या दंडाला चिकटून बघत होती.

"आई, ते कुठे गेले?"

"काढून टाकले गं. चांगले नव्हते."

भिंगरीने पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या रिकाम्या खुर्चीकडे, मग आईच्या अंगठ्याकडे.

"आई, माझं तू काय काय काढून टाकतेस?"